पेन्शनीत मिळालेला नवरा

मानीबाईनं सकाळीच सासऱ्याला चार आणे दंड भरला आणि सरपणाची मोळी अंगणात आपटून ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बापाले फुलचंदाच्या घरी देऊन टाका."

भीमसिंग आरशाचा तुकडा भिंतीला टेकवून दाढी करत होता. "देऊन टाका म्हंजे? बैल हाय का थो?"

"बैल असता त ठेवला असता. बैल मोळी सोडून लाकडं पाह्यत नाई."

"आता काय झालं?"

"मोळीत धावड्याची एक फांदी वली निंगाली. एक! मले म्हन्ते, नाव सांग. मी म्हन्लं, मानीबाई, तुमच्याच पोराची बायको. त म्हन्ते, नातं नोको सांगू, नाव सांग."

भीमसिंगाला हसू आलं आणि हनुवटीवर वस्तरा लागला. मानीबाईनं त्यालाही देवाचा न्याय मानलं.

भावसिंग राठोडानं झरी जामणीकडच्या जंगलात लाकूडफाटा तपासत नाकेदारी करत सारी उमर घालवली होती. तेवढ्या काळात जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. नाका काही जागचा हलला नाही आणि भावसिंगही हलला नाही. ढाणकीजवळच्या तांड्यावर आपल्या घरी तो होळीला यायचा, दिवाळीला यायचा. एरवी मनिऑर्डर यायची. दोघांपैकी कोणाची वाट जास्त पाहिली जायची हे विचारण्याइतका मूर्ख घरात कोणी नव्हता.

यंदा पौषात तो ट्रंक, वळकटी आणि बंद पडलेला कंदील घेऊन कायमचा आला, तेव्हा थोरला भीमसिंग आणि धाकटा फुलचंद दोघांनी ट्रंकेची एकेक कडी धरली होती. बाप माझ्याकडं राहील, नाही माझ्याकडं राहील. जावई लखीराम त्याच आठवड्यात सासऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला आला आणि तब्येत ठणठणीत असूनही तीन दिवस राहिला. कारण असं, की रिटायर होणाऱ्या माणसाला पेन्शन विकता येतं ही बातमी पसरली होती. दर महिन्याच्या पेन्शनीतला काही हिस्सा कायमचा सोडून द्यायचा आणि त्याबदल्यात सरकारकडून एकदम गठ्ठा उचलायचा. वर नोकरीभर कापलेला फंड वेगळा. भीमसिंगाला त्या गठ्ठ्यात जुना डॉज ट्रक दिसत होता. फुलचंदाला फिरती टुरिंग टॉकीज दिसत होती. लखीरामाला विहिरीवर फटफट करणारं ऑइल इंजिन दिसत होतं. भावसिंग त्यात कोणालाच फारसा दिसत नव्हता.

त्यानं ढाणकीहून पुसदला जाऊन निजामुद्दीनला विचारलं होतं. हा निजामुद्दीन ट्रेझरीतला जुना हेडक्लार्क. स्वतः रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ट्रेझरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून बसायचा आणि मास्तर, पोलीस, तलाठी, जो रिटायर व्हायला निघाला त्याला सल्ला द्यायचा. सल्ल्याचे पैसे घेत नसे. तूप घेत असे.

"सही करू नको," त्यानं भावसिंगाला सांगितलं होतं. "तुह्याजवळ रजा शिल्लक हाय ना? मग रजा संपेपर्यंत पेन्शनर होऊन पाहा. जेवढं पेन्शन बसन तेवढ्याच पैशात राहा. ज्याहिच्यासंग राहाचं त्याहिच्यासंग राहा. लग्नाआधी पोरगी पाह्यतेस ना, तसं बुढापा आधी पाहून घे."

भावसिंगानं हा सल्ला सरकारी हुकमासारखा पाळला. तांड्याच्या तोंडाशी दोन खांबांवर आडवा बांबू टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची मोळी तपासू लागला. पहाटे शिट्टी मारून नातवंडांची हजेरी घेऊ लागला. त्यांची नावं त्याला पाठ नव्हती, म्हणून उंचीप्रमाणे उभं करायचा आणि नंबर द्यायचा. फुलचंदाच्या घरी राहायला गेला तेव्हा फुलचंदाची बायको आठव्या दिवशी माहेरी गेली ती अजून माहेरीच होती. लखीरामाकडं गेला तेव्हा लखीरामानंच त्याला बैलगाडीत घालून परत आणलं. तांड्याचा नायक धरमसिंग, ज्याचा शब्द चार तांड्यांत चालायचा, त्यालाही एकदा बांबूपाशी थांबून पिशवी उघडून दाखवावी लागली होती. पिशवीत नायकाची मोहाची बाटली होती. त्या दिवसापासून नायक भावसिंगाशी बोलत नव्हता.

"मंगळवारी पुसदले सही हाय," भीमसिंग चेहरा पुसत बायकोला म्हणाला. "आज निजामचाचा येऊन राह्यले. जे ठरन ते आज ठरन. दोन दिवस दम धर, मग ट्रक आपली."

"मले ट्रक नोको."

"काय?"

"ट्रकसंग बुढा येते. बिगर बुढ्याची ट्रक असन त सांगा."

भीमसिंगाला हा धक्काच होता. पौषात हीच बाई सासऱ्याच्या भाकरीवर दोन बोटं तूप घालत होती.

*

ढाणकीच्या स्टँडवर एसटीतून निजामुद्दीन उतरला तो धुळीनं पांढरा झालेला होता. भीमसिंगानं त्याला दमणीत बसवलं, पाठीशी गोधडी दिली आणि बैल हाकले. गाव मागं पडल्यावर त्यानं हळूच विषय काढला.

"चाचा, ट्रकीचा धंदा आजकाल लय चांगला हाय. कापसाच्या हंगामात त..."

"फुलचंदाचा निरोप आलता," निजामुद्दीन म्हणाला. "टॉकीजचा धंदाही लय चांगला हाय."

"फुलचंदानं निरोप धाडला?"

"आन लखीराम पुसदच्या बजारात भेटलता. जिलबी खाऊ घातली. इंजिनाबद्दल मी कायच ऐकलं नाई, जिलबी गरम होती."

भीमसिंगानं बैलांवर उगाच चाबूक उगारला. मग बैलाच्या पाठीकडं बघत म्हणाला, "तुमीच सांगा, पेन्शन विकणं बरं का नाई?"

"घरची म्हैस इका म्हननारा बहुतेक वेळा आपल्या गिऱ्हाइकाले दारात बसवूनच आलेला असते." निजामुद्दीननं डबीतलं पान काढून गालात घातलं. "मले इतकंच सांग बेटा. ट्रक खड्ड्यात गेली त बापाले दर महिन्याले काय देशीन?"

"ट्रक कायले खड्ड्यात जाईन?"

"हा रस्ता पाहून इचारलं."

तेवढ्यात दमणी खरोखरच अशी आदळली की निजामुद्दीनचं पान बाहेर आलं.

तांड्याशी बांबू आडवा होता. भावसिंग खाकी सदऱ्यात, सदऱ्यावरचे सरकारी बिल्ले काढलेल्या जागी चार भोकं, असा खांबाशी उभा होता. जुन्या ओळखीचं हसू त्याच्या चेहऱ्यावर येता येता थांबलं.

"पिशवीत काय हाय?"

"अबे भावसिंग, मी हाय."

"ओळखलं. पिशवीत काय हाय?"

निजामुद्दीननं पिशवी उघडली. आत लुंगी, तांब्या आणि चष्म्याचं घर होतं. भावसिंगानं नीट पाहिलं, बांबू वर केला आणि मगच त्याला मिठी मारली. निजामुद्दीन त्याच्या खांद्यावरून भीमसिंगाकडं बघत म्हणाला, "तालीम जरा जास्तच झाली वाटते."

*

बोकड हलाल करायला बिटरगावहून फकिराला मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे निजामुद्दीनला जेवायला अडचण नको. जेवणं झाली. लखीराम जावई असल्यामुळं त्याला नळीची हाडं मिळाली होती आणि तो ती अजून चोखत होता. अंगणात चिंचेच्या सावलीत घोंगडी टाकली. बाया दारात बसल्या. धनीबाई, भावसिंगाची बायको, चुलीपाशीच राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि तीही कोणाची वाट बघत नव्हती.

निजामुद्दीननं सगळ्यांचं ऐकून घेतलं. भीमसिंगानं ट्रक सांगितली. फुलचंदानं टॉकीज सांगितली, आणि सांगता सांगता उभा राहून तंबू कुठं, पडदा कुठं, बायांची बसायची जागा कुठं, हे हातवाऱ्यांनी दाखवलं. तो मॅट्रिकला तीनदा बसला होता पण अशा वेळी त्याच्या अंगात कलेक्टर यायचा. लखीरामानं हाड खाली ठेवून इंजिन सांगितलं आणि पुन्हा उचललं.

"बरं," निजामुद्दीन म्हणाला. "आता उलटं इचारतो. समजा यानं पेन्शन इकलं नाई. फंडातला पैसाही कोणाले देल्ला नाई. मंग याले आपल्या घरी कोन ठेवते?"

चिंचेवर एक कावळा ओरडला. बाकी कोणी नाही.

"बा मोठ्या पोराकडं असला तर शोभते," फुलचंद शेवटी म्हणाला. "रीत हाय."

"फुलचंदावर बाचा जीव हाय," भीमसिंग म्हणाला. "मी कायले दोघांच्या मंधात येऊ?"

"जवायाच्या घरी सासरा राह्यला त लोक हसतात," लखीराम म्हणाला. "मले त्याहिची इज्जत पाहा लागते."

दोन्ही भाऊ एकमेकांना बाप वाढत होते, जसं पंगतीत न आवडणारी भाजी शेजाऱ्याच्या ताटाकडं सरकवतात. मानीबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की कसं, ते कळायला मार्ग नव्हता.

भावसिंग खाली बघत होता. त्याला जंगलात वाघ दोनदा समोर आला होता. दोन्ही वेळा त्यानं वाघाच्या डोळ्यांत पाहिलं होतं. आता त्याला पोरांकडं बघता येत नव्हतं. नाक्यावरच्या खोलीत एकटा भाकरी थापताना तो कितीदा मनात म्हणायचा, इतकं झालं की घरी जाऊ, पोरं हायेत, नातवंडं हायेत, दारात बसू. दार होतं, पोरं होती. बसायची जागा कुठं आहे ते मात्र त्याला चार महिन्यांत सापडलं नव्हतं. म्हणून तो बांबूपाशी उभा राहत होता.

तो उठला.

"इकतो," तो म्हणाला. "जितकं इकता येते तितकं इकतो. फंड काढतो. तिघाहिले सारखे वाटे. ट्रक घ्या, तंबू घ्या, काय घ्याचं थे घ्या. मी जातो परत झरीले. तिथं एक खोपट टाकीन. झाडाहिले माही अडचण होत नाई."

"बा, तसं नाई..." भीमसिंग उठला. पण त्याच्या डोळ्यांत ट्रकचे दोन्ही दिवे लागलेले फुलचंदाला स्पष्ट दिसले. फुलचंदाच्या डोळ्यांतही तंबू उभा राहिला होता.

"भावसिंग, बस खाली," निजामुद्दीन म्हणाला. "रागात माणसानं शिवी द्यावी, सही देऊ नये."

"तुमीच म्हन्लं होतं, बुढापा पाहून घे. घेतला पाहून."

"अरे पन..."

"माह्यं ठरलं."

*

धनीबाई चुलीतलं लाकूड मागं ओढून बाहेर आली. तिच्या दंडापर्यंतच्या बलिया खणखणल्या म्हणजे ती येते आहे हे तांड्याला कळायचं आणि लोक बोलणं सावरून घ्यायचे. नवरा जंगलात असताना तिनं शेत केलं होतं, दोन पोरं आणि एक पोरगी वाढवली होती, दिराशी बांधाचं भांडण जिंकलं होतं, आणि हे सगळं करताना नवरा असल्याची आठवण तिला होळीला व दिवाळीला व्हायची. चार महिन्यांपासून ती रोज होत होती.

ती घोंगडीच्या काठावर, पुरुषांच्या मधोमध बसली. निजामुद्दीन जरा सरकला.

"निजामभाई, एक गोष्ट सांगा. हे उद्या मेले त पेन्शन मले भेटते का?"

"याडी!" फुलचंद आईला दटावत म्हणाला.

"तू चूप रे. सांगा, निजामभाई."

निजामुद्दीननं घसा साफ केला. आजवर लिंबाखाली त्याच्यासमोर बसलेल्या एकाही माणसानं हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे पुरुष होते आणि मरायचा विचार कोणाचाच नव्हता. "भाभी, याच्या पेन्शनीचं तसं नाई. जोपर्यंत याचा श्वास हाय तोपर्यंत पेन्शन. श्वास गेला की पेन्शन गेलं."

"म्हंजे पेन्शन पायजे त याहिले जित्तं ठेवा लागते."

"तसंच म्हना."

"आन जित्तं कोन ठेवीन? मीच. भाकर मी देईन, खोकल्याले काढा मी देईन, पाय मी चेपीन." ती नवऱ्याकडं न बघता बोलत होती. "सरकारनं याहिले पेन्शन देल्लं, आन मले हे देल्ले. आन पेन्शनचे वाटे तिघं पोट्टे करून राह्यले. माह्या वाट्याले काय? काढा?"

लखीरामानं हाड पानावर ठेवलं, या वेळी कायमचं.

"भाभी," निजामुद्दीन म्हणाला, "तुमचं बराबर हाय. माह्या ध्यानात हे याले पायजे होतं."

"आता आलं ना? मंग सल्ला द्या."

तो सावरून बसला. त्याचा आवाज बदलला, लिंबाखालचा आवाज. "भावसिंग, ऐक. पेन्शन इकू नको. एक पैसाही नाई. दर महिन्याचं तेल-मीठ त्याच्यावर चालू दे. फंडाचा पैसा पुसदच्या पोस्टात ठेव, आन खातं भाभीच्या नावानं काढ. तू आधी गेला त तिले कोनाच्या तोंडाकडं पाहा लागू नये. दुखन्याखुपन्यालेही तोच. इतकं झालं की मंग पोराहिले काय द्याचं थे द्या, आशीर्वाद द्या, शिव्या द्या."

"म्हंजे आमाले कायच नाई?" भीमसिंगाचा तोल सुटला. "याडी, ट्रकीवाल्याले मी शब्द देल्ला हाय!"

"मले इचारून देल्ला?"

"फुलचंदाच्या टॉकीजपेक्षा त ट्रक बरी ना!"

"माह्या टॉकीजनं तुह्यं काय घोडं मारलं?" फुलचंद उसळला. जेवणाआधी दोघा भावांनी मिळून लखीरामाचं इंजिन पाडायचं ठरवलं होतं. ती युती तिथंच संपली. लखीराम आनंदानं दोघांकडं बघू लागला.

"थांबा," धनीबाई म्हणाली. "तुमाले काय नाई असं कोन म्हन्लं? देतो ना. शेत देतो."

दोघं थांबले.

"बाप रिटायर होऊन राह्यला, मीही होतो. मले कोन्या सायबाचा कागद नाई पायजे. या आखाडीपासून नांगर, पेरा, निंदन, राखण, सारं तुमचं. अर्धं भीमसिंग, अर्धं फुलचंद. जवारी आन तूर मले घरपोच पायजे, बाकी पिकन थे तुमचं. त्यातून ट्रक काढा, तंबू काढा."

भीमसिंगानं शेताची कल्पना केली. त्याला कापसाच्या ओळीत वाकलेली आपली पाठ दिसली. फुलचंदाला तर उन्हाळ्यातल्या नांगरटीची काकरंसुद्धा नीट दिसेनात. तो शेतात गेला होता ते हुरडा खायला. पेन्शन मागायला आलेल्या दोघांच्या हातात नांगर आला होता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती, कारण जमीन मिळत असताना नको म्हणणारा माणूस तांड्यात आजवर झाला नव्हता.

"मी ढाणकीत राह्यतो," फुलचंद क्षीणपणे म्हणाला. "येणं-जाणं..."

"सायकल हाय ना तुह्याजवळ?" मानीबाई दारातून म्हणाली. सासूच्या बाजूनं ती प्रथमच बोलत होती आणि तिला ते आवडलं. "लवकर निंगा लागन फक्त."

"आन माह्यं?" लखीरामानं विचारलं.

"तुमी जवाई," धनीबाई पदर सावरून अदबीनं म्हणाली. "तुमाले अजून रस्सा वाढतो."

*

भावसिंग तोवर तिथं नव्हता. शब्दाशब्दी चालू असताना तो निघून गेला होता. धनीबाईला तो घरामागच्या मोहाखाली सापडला. मोहफुलं गळून संपत आली होती. तो खाली बसून उरलेली उगाच एका जागी जमा करत होता.

"जेवनावर राग नाई ना?" ती म्हणाली.

"नाई."

ती थोड्या अंतरावर बसली. दोघं एकटे असे क्वचितच बसले होते. सणाला तो यायचा तेव्हा घर भरलेलं असायचं, आणि चौथ्या दिवशी तो जायचा.

"मी आलो हे तुले आवडलं नाई," तो म्हणाला.

धनीबाईनं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "नाई आवडलं. भाकरी मोजता तुमी. मी इतके दिवस कोनाले न इचारता भाकरी केल्या."

"तिथं मोजाच लागे. पीठ महिनाभर पुराले पायजे."

"हे तिथं नाई."

"ठाऊक हाय." त्यानं एक फूल चिमटीत धरलं. "सकाळी उठलो का मले समजत नाई का कराचं. इथं सारं तूच केलेलं हाय. मी कशाले हात लावला त तू म्हन्ते राहू द्या. मंग मी बांबू लावला. तो तरी माहा होता."

राहू द्या, हे धनीबाई म्हणत होती खरं. गेल्या चार महिन्यांत बहुधा दुसरं काही म्हणालीच नव्हती. बांधावर कुंपण घालायला निघाला, राहू द्या. गाय धुवायला घेतली, राहू द्या. तिला वाटायचं ती त्याला आराम देते आहे. ते सोयीचं वाटणं होतं हे तिला आता, त्याच्या हातातल्या फुलाकडं बघताना, कळलं.

"बांबू काढा," ती म्हणाली. "नायकाच्या घरी जाऊन माफी मागा. बाटली नेसान त लवकर माफ करन."

"दारू नेऊ? मी?"

"नाकेदार होते तवा नाई नेली, बरं केलं. आता कोन इचारते?"

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आन मंग? बांबू काढल्यावर?"

"मले बी माहीत नाई. शेत मी देऊन बसली. उद्या सकाळी उठून मी का करीन?" हे बोलल्यावरच तिला ते खरं असल्याचं जाणवलं. रागात सही देऊ नये म्हणणाऱ्यानं तिला मात्र अडवलं नव्हतं. "इतकी वर्सं त्या शेताले शिव्या देल्ल्या मी."

"परत घे."

"आता? भीमसिंगाचं तोंड पाह्यलं नाई तुमी. जलमभर याद ठेवावं असं झालतं."

भावसिंग हसला. हसताना त्याचे पुढचे दोन दात नाहीत हे तिला दिसलं. कधी पडले ते तिला ठाऊक नव्हतं. विचारावंसं वाटलं, पण तिनं पुढच्यासाठी ठेवलं.

संध्याकाळी त्यानं बांबू काढला. नायकाकडून परतायला त्याला उशीर झाला आणि परतताना तो गात होता. मानीबाईनं भीमसिंगाला उठवून ऐकवलं.

*

मंगळवारी पुसदला निजामुद्दीननं भावसिंग आणि धनीबाई दोघांना आधी ट्रेझरीत नेलं. पूर्ण पेन्शन, काहीही न विकता, अशी सही झाली. मग पोस्टात. तिथल्या कारकुनानं खातं बाईच्या एकटीच्या नावानं का, असं भावसिंगाला दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा धनीबाईनं शाईचा डबा स्वतःच पुढं ओढला.

लिंबाखाली चटईवर बसून तिघांनी चहा घेतला. समोर एक पोलीस जमादार आणि एक मास्तर सल्ल्यासाठी ताटकळत उभे होते.

"अनवरीभाभी कशी हाय?" धनीबाईनं निजामुद्दीनच्या बायकोबद्दल विचारलं.

"लय खूश. मी दिवसभर घरी नसतो ना." निजामुद्दीननं बशीतला चहा फुंकला. मग भावसिंगाकडं वळला. "तुह्याजवळ लिंबाचं झाड नाई, हा तुहा घोळ हाय. माणसाले सकाळी कुठंतरी जाले पायजे. तांड्याच्या शाळेमागं पडीक हाय, रोपं लाव. लोकाहिले सांग कोनतं झाड कुठं येते."

"लोक ऐकतीन?"

"सांगन्यासंग चार आण्याचा दंड असते तवर नाई ऐकत. फुकट सांगितलं त ऐकतात. आन जाताना सांगून जा, आन दुपारी परतू नको. माहा सारा सल्ला इतकाच हाय, बाकी सारं ट्रेझरीवाले करतात." तो जमादाराकडं वळला. "हां साहेब, बसा. पोरं किती? सगळे आजकाल प्रेमानं वागून राह्यले का?"

दोघं स्टँडवर आले. ढाणकीची गाडी लागलेली होती. भावसिंग तिच्याकडं निघाला तर धनीबाई मागं नाही. ती दुसऱ्या गाडीपुढं उभी होती आणि ड्रायव्हरला विचारत होती ही कुठं जाते.

"यवतमाळ," भावसिंग जवळ जाऊन म्हणाला. "आपली तिकडं हाय."

"तिथून झरीले गाडी भेटते?"

"पांढरकवड्याहून बदला लागते. काहून?"

"पाह्याचं हाय. तुमी कुठं होते थे." तिनं पदराच्या गाठीला हात लावून पाहिला. "आज पीठ भिजवाचं नाई मले. शेतही नाई. चाला."

"पोरं वाट पाह्यतीन."

"पाहू द्या. त्याहिले सवय पाडा लागन."

ती चढली आणि खिडकीशी बसली. मोटारीत ती दोनदाच बसली होती, एकदा दवाखान्यात जाताना आणि एकदा मयतीला. दोन्ही वेळा बाहेर बघण्यासारखी स्थिती नव्हती. भावसिंग शेजारी बसला. गाडी गाव सोडून घाटाला लागली आणि दोन्ही अंगांनी जंगल जवळ आलं, तसा तो सरसावला.

"हे सागवान. हा पट्टा लय जुना. तिकडं पाह्य, तो ऐन हाय, त्याच्या बाजूले तिवस, आन त्या उतारावर मी नवीन होतो तवा..."

"चूप बसा जरा," धनीबाई म्हणाली. "मले पाहू द्या."

तो चूप बसला. चूप बसणं त्याला येत होतं. त्यानं आयुष्यभर तेच केलं होतं, फक्त शेजारी कोणी नसायचं. गाडी वळणं घेत राहिली. चैत्रातलं जंगल, बरंचसं उघडं, मधूनच कुठंतरी पळस लाल. धनीबाई खिडकीच्या दांड्याला धरून, वाऱ्यानं डोळे बारीक करून, प्रत्येक झाड येताना आणि जाताना बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं बोट बाहेर काढलं.

"थे पांढऱ्या खोडाचं काय हाय?"

"कडई," भावसिंग म्हणाला. पुढं बरंच सांगण्यासारखं होतं. त्यानं ते गिळलं आणि वाट पाहिली.

"आन थे?" तिनं विचारलं.